छापलेले पुराण आणि लिहिलेली पासोडी : इ. स. १६१६

दरवर्षी २३ एप्रिल जवळ आला की आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जागतिक ग्रंथदिनाचा फलक लागतो. त्यावरचे एक वाक्य ठरलेले असते : शेक्सपिअर आणि सर्वांतेस हे दोन थोर लेखक एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ रोजी निवर्तले. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. फलकावरचा मजकूर बरीच वर्षे आम्हीच लिहून देत आलो आहोत. इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या पंक्तीला मराठीही बसावी म्हणून त्याखाली आमचे एक वाक्य जोडण्याचा आमचा प्रघात होता : याच साली गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. एकदा हा फलक वाचून एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ते छापलेलं पुस्तक आता कुठे पाहायला भेटेल?"

खरे उत्तर दोन शब्दांचे होते : कुठेच नाही. १६१६ च्या त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६४९ च्या दुसऱ्या आवृत्तीची नाही, १६५४ च्या तिसऱ्या आवृत्तीचीही नाही. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु वाङ्मयेतिहासाच्या टिपणांत '१६१६ : ख्रिस्तपुराण छापले गेले' अशी नोंद देऊन आपण पुढे सरकतो, आणि त्या नोंदीतून एक आरंभ सूचित होतो, तो कधीच झालेला नसतो. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला द्यायचे राहून गेलेले सविस्तर उत्तर आहे.

आरंभ फलकावरच्या पहिल्या वाक्यापासूनच केला पाहिजे, कारण तेही खरे नाही. सर्वांतेसचा मृत्यू माद्रिदमध्ये २२ एप्रिलला झाला. २३ ही त्याच्या दफनाची तारीख. शेक्सपिअर स्ट्रॅटफर्डला २३ एप्रिललाच वारला, पण ती तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. स्पेनने १५८२ सालीच ग्रेगरियन पंचांग स्वीकारले होते, इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. दोहोंत त्या काळी दहा दिवसांचे अंतर होते. माद्रिदला सर्वांतेसचे दफन चालले होते तेव्हा स्ट्रॅटफर्डला १३ एप्रिल होता आणि शेक्सपिअर हयात होता. आमच्या मुलखात त्या दिवशी यांपैकी कोणतीच तारीख नव्हती. येथे शके १५३८, नल नाम संवत्सर, वैशाख महिना चालू होता.

पंचांगाचा हा घोळ केवळ परदेशी लेखकांपुरता नाही, मराठीच्या नोंदींतही तो शिरला आहे. अंबाजोगाईचे दासोपंत माघ वद्य षष्ठी, शके १५३७ रोजी समाधिस्थ झाले. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो हे शाळेत शिकलेले गणित लावून पुष्कळ ठिकाणी त्यांचे निधनवर्ष १६१५ असे दिले जाते. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि माघ येईपर्यंत इसवी सन बदललेला असतो. पौषाच्या उत्तरार्धानंतरच्या तिथींना ७८ नव्हे, ७९ मिळवावे लागतात. त्या हिशेबाने दासोपंतांचे निर्वाण इसवी सन १६१६ च्या फेब्रुवारीतले ठरते. म्हणजे ज्या साली मराठीतले एक पुराण छापखान्यातून बाहेर पडले, त्याच सालाच्या आरंभी हस्तलिखित परंपरेचा एक महापुरुष गेला. फलकावर आम्ही पहिली घटना लिहीत होतो आणि दुसरी गाळीत होतो.

आता राशोलकडे वळू. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशायरचा. जन्म १५४९ चा. इंग्लंडात कॅथलिकांना जगणे कठीण झाले होते. तो रोमला जाऊन जेझुइट संघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरला. तेथून १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची चाळीस वर्षे त्याने गोव्यातच, मुख्यतः साष्टी प्रांतात काढली. तो आला त्यानंतर पाचच वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे दोन्ही उद्योग एकाच पिढीतले आहेत हे आपण वर्गात क्वचितच सांगतो.

साष्टी हा त्या काळी जखमी मुलूख होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा नदीपलीकडे आदिलशाही मुलखात नेण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले आणि मग गावकऱ्यांच्या नायकांना पोर्तुगीजांनी मारले. देवळांबरोबर पोथ्याही गेल्या. केळोशीच्या कृष्णदास शामाने याच मातीत 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचली होती. रामायण-महाभारतातील कथांची रोमन अक्षरांत उतरवलेली सोळाव्या शतकातील हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. ज्यांनी मूळ पोथ्या बंद पाडल्या, त्यांच्याच अभ्यासाच्या वह्यांत त्यांचा हा अंश उरला.

'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक प्रसंग येतो, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लागतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचण्यासारखे दुसरे पुराण का देत नाही? हे विचारणे नम्र आहे, पण त्यामागे एक रिकामे झालेले घर आहे. संध्याकाळी कोणीतरी ओवी वाचतो, बाकीचे ऐकतात, ही सवय धर्मांतराने जात नाही. स्टीफन्सने ही उणीव ओळखली. त्याने ख्रिस्ताची कथा पोर्तुगीजमध्ये किंवा प्रश्नोत्तररूपाने सांगितली नाही. ओवी घेतली, अध्यायांना 'अवस्वरू' म्हटले, 'पैले पुराण' आणि 'दुसरे पुराण' असे दोन भाग केले, आणि जुन्या व नव्या कराराची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत मांडली. १९०७ च्या मंगळूर आवृत्तीत ही संख्या १०,९६२ आहे. मराठीला त्याने रत्न, मोगरा, कस्तुरी यांच्या उपमा दिल्या आहेत आणि तेवढाच उतारा आपल्याला पाठ असतो. त्या गौरवाने आपण इतके सुखावतो की हे पुराण का मागावे लागले, हा प्रश्न मागे पडतो.

छपाईचा परवाना इन्क्विझिशनचा होता. हाही त्या सालाचा एक विशेष. १६१६ च्या मार्चमध्ये रोममध्ये चर्चने कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत स्थगित केला. त्याच्या काही दिवस आधी गॅलिलिओला पृथ्वी फिरते हे मत सोडण्याची ताकीद मिळाली होती. त्याच चर्चने त्याच साली राशोलला एका मराठी ग्रंथाला मुभा दिली. एकीकडे बंदी आणि दुसरीकडे अनुमती, पण दोन्हींचे सूत्र एकच : लोकांनी काय वाचावे हे ठरविण्याचा अधिकार. लेखकाची भक्ती आणि त्याचे मराठीवरचे प्रेम खरे असूनही ग्रंथ या अधिकाराच्या छायेत जन्मला, हे दोन्ही एकदम सांगता आले पाहिजे. एका वेळी एकच सांगणे सोपे असते, म्हणून आपण बहुधा तेच करतो.

गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. मग मराठी छपाईची परंपरा तेथून का वाहिली नाही? उत्तराचा एक भाग लिपीत आहे. स्टीफन्सने १६०८ साली रोममधील आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि देशाच्याच लिपीत पुस्तके छापावीत ही आपली जुनी इच्छा कळवली होती. अडचणही त्याने सांगितली होती : युरोपात चोवीस अक्षरांच्या ठशांवर भागते, येथे सुमारे सहाशे लागतील. बाराखडीतील प्रत्येक रूप आणि प्रत्येक जोडाक्षर यांसाठी निराळा ठसा पाडायचा तर हा आकडा होतोच. ते घडले नाही, आणि 'ख्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापले गेले. मुळाक्षर दुहेरी करून 'ण' आणि 'ळ' दाखवावे, 'श'साठी एक्स वापरावा, अशी व्यवस्था त्याने बसवली. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ती रुळली. परंतु बालबोध किंवा मोडी वाचणाऱ्या पैठण-पंढरपूरच्या वाचकापुढे ते पान ठेवले असते, तर आपलीच भाषा त्याला ओळखू आली नसती.

लिपीचा हा प्रश्न आम्हा वर्धेकरांना परका नाही. पिपरी मेघेपासून जवळच पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात भारतीय भाषांनी आपापल्या लिपीबरोबर नागरीही वापरावी असा आग्रह धरला होता. लिपी ही भाषेची नुसती वस्त्रे नव्हेत, ती वाचकांची सीमा आखते, हे त्यांच्या आग्रहामागचे भान होते. १६१६ च्या छपाईने ती सीमा मांडवीच्या आणि जुवारीच्या पलीकडे जाऊ दिली नाही.

उत्तराचा दुसरा भाग सत्तेत आहे. त्या साली आमच्या या पवनारची गणना मोगलांच्या मुलखात होत होती. 'ऐन-इ-अकबरी'तील वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांच्या यादीत त्याचे नाव आहे. वऱ्हाड १५९६ मध्ये निजामशाहीकडून मोगलांकडे गेला होता आणि दख्खनच्या युद्धाची रसद येथून जात होती. बाळापूरला खानखानान अब्दुर्रहीम याचा मुलगा शाहनवाजखान तळ देऊन होता. हा खानखानान म्हणजे दोह्यांचा कवी रहीम. सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशाही सोडून मोगलांना मिळाले. १६१६ च्या फेब्रुवारीत जालन्याजवळ रोषणगावला मलिक अंबरचा पराभव झाला आणि त्याने अवघ्या सहा वर्षांपूर्वी वसवलेली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, मोगलांनी उद्ध्वस्त केली. अजमेरला जानेवारीतच दुसरा एक इंग्रज थॉमस, सर थॉमस रो, व्यापाराच्या सवलती मागण्यासाठी जहांगीरसमोर उभा राहिला होता. एक थॉमस राशोलला ओव्या छापीत होता, दुसरा अजमेरला फर्मान मागत होता. पुढच्या दोन शतकांवर दुसऱ्याचा ठसा अधिक खोल उमटला. अशा धुमाळीत साष्टीतल्या एका छापखान्याची वार्ता घाट चढून येण्यासाठी ना वाट मोकळी होती, ना येथे तिची वाट कोणी पाहत होते.

आणि ज्या सत्तेने छापखाना दिला, तिनेच पुढे भाषा नाकारली. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावी. पुढे गोव्यातली छपाईच थांबली. १८२१ मध्ये सरकारी छापखाना येईपर्यंत ती सुरू झाली नाही. इकडे मुंबईत १६७४ मध्ये भीमजी पारेख या व्यापाऱ्याने कंपनीमार्फत विलायतेहून छपाईचा कारागीर आणवला, पण त्याला नागरी ठसे ओतता येईनात. नागरी ठशांतले मराठी व्याकरण विल्यम केरीने श्रीरामपूरहून काढले ते १८०५ मध्ये, आणि तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून 'बालबोध मुक्तावली' आली ती १८०६ मध्ये. १६१६ आणि १८०५ यांत १८९ वर्षे आहेत. यांतल्या कोणाचेही बोट धरून राशोलचा ग्रंथ पुढे आलेला नाही. म्हणून १६१६ ला मराठी मुद्रणयुगाचा आरंभ म्हणणे योग्य नाही.

मग 'ख्रिस्तपुराण' आपल्यापर्यंत आले कसे? हा या कथेतला आम्हाला सर्वांत बोलका वाटणारा भाग. ते हाताने लिहून आले. अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या निघाव्यात एवढी त्याला मागणी होती. पण छापील प्रतीचे एक वैगुण्य असते. पोथी जीर्ण झाली की घरातला कोणी बोरू घेऊन दुसरी उतरवतो. छापील पुस्तक जीर्ण झाले की छापखाना लागतो, आणि छापखाना बंद पडला की उरलेल्या प्रती कमी होत जातात, वाढत नाहीत. कोकणच्या दमट हवेत आणि वाळवीत त्या किती टिकणार? तेव्हा भाविकांनी छापील पुस्तकावरूनच पोथ्या उतरवल्या. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या, वाचल्या, गायिल्या. त्याच हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी अक्षरांतले एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडले. देवनागरीतील छापील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये काढली, म्हणजे मूळ छपाईनंतर ३४० वर्षांनी. लिपीची जी इच्छा स्टीफन्सने रोमला कळवली होती, ती पुण्यात पुरी झाली.

आता दासोपंतांकडे परत येऊ. त्यांच्या नावावर परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' सांगितला जातो. पण त्यांची लोकांच्या मनात ठसलेली कृती निराळीच : सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचे विवेचन ओव्यांत लिहिले. ही पासोडी. अंगावर पांघरायच्या वस्त्रावर लिहिलेले ते मराठी, कागदही नव्हे आणि मुद्रणही नव्हे, अंबाजोगाईत आजही जतन केलेले आहे. १६१६ चे छापलेले मराठी नाहीसे झाले आणि त्याच साली गेलेल्या कवीने चिंध्या होऊ शकणाऱ्या कापडावर लिहिलेले मराठी टिकले. हा दैवाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. पासोडीमागे तिची राखण करणारी घराण्याची आणि संप्रदायाची परंपरा होती. 'ख्रिस्तपुराणा'मागेही अखेर तशीच माणसे उभी राहिली, फक्त ती छापखान्यात नव्हती, मंगळूरच्या घरांत होती.

यातून आम्हाला जे म्हणायचे आहे ते एवढेच. साहित्याच्या इतिहासात साधनाला आपण कारण समजतो. ठसा आला म्हणजे युग आले, असे मानतो. १६१६ हे साल सांगते की साधनाला वाचक हवा, वाचकाला परिचित लिपी हवी, आणि या दोहोंना मोकळीक देणारा समाज हवा. यांतले काही तुटले तर ठसे मुके होतात. आणि ऐकणारे-उतरवणारे शिल्लक असतील तर कापडावरची शाईसुद्धा चार शतके बोलते. त्याच साली स्पेनमध्ये वारलेल्या इंका गार्सिलासोने जेत्यांच्या स्पॅनिश भाषेत जितांचा इतिहास लिहिला होता. स्टीफन्सने जितांच्या भाषेत जेत्यांचे पुराण लिहिले. दोघांचेही ग्रंथ पुढे त्या त्या भाषेच्या लोकांनी आपले म्हणून राखले. कोणी लिहिले आणि कोणाच्या परवान्याने लिहिले, हे विसरू नये. पण कोणी राखले, हेही इतिहासात मांडले पाहिजे. आपल्या वाङ्मयेतिहासात लेखकांच्या जन्ममृत्यूच्या तिथी आहेत, लेखनिकांसाठी मात्र एखादे प्रकरणही क्वचितच असते.

आज गावोगावी जुन्या पोथ्यांचे छायाचित्रण होते आहे, अंकीय प्रती तयार होत आहेत, आणि एकदा प्रत संगणकात गेली की ती अमर झाली असा आपला समज होऊ लागला आहे. राशोलच्या छापखान्यात १६१६ साली उभ्या असलेल्यांनाही बहुधा तसेच वाटले असेल. शाई ओली असताना कोणालाही आपले पुस्तक नाहीसे होईल असे वाटत नाही. पोथीची प्रत काढणे हे अर्धे काम. ती वाचणारी, तिची लिपी लागणारी चार मुले तयार करणे हे उरलेले अर्धे, आणि ते अध्यापकांचे आहे. आमच्या विभागात मोडी वाचता येणारे आज आम्हा दोघांखेरीज कोणी नाही, हे येथे कबूल करतो.

या वर्षी फलकाचा मजकूर आम्ही बदलला. एकाच दिवसाचा मृत्युयोग त्यातून काढला. त्याऐवजी लिहिले : १६१६ – राशोलला 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, अंबाजोगाईला दासोपंत निवर्तले, पहिल्याची छापील प्रत आज नाही, दुसऱ्याची पासोडी आहे. प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी आता एका शाळेत शिकवते. तिला हा लेख पाठवीत आहोत. उत्तर द्यायला उशीर झाला, एवढे तिने समजून घ्यावे.